पहिल्या फोटोतलं दार

१

फोटोकाकांनी नवा डिजिटल कॅमेरा घेतला खरा, पण ही बातमी त्यांच्या उजव्या अंगठ्याला कुणी सांगितलीच नव्हती. फोटो काढला की अंगठा आपला पुढे सरकायचा, रोल ओढायची पट्टी शोधायचा, आणि ती नाही म्हटल्यावर हवेतच एक फेरी मारून गुमान परत यायचा. एकतीस वर्षांची सवय. ती काय दोन महिन्यांत जाते होय? स्टुलावर बसलेलं गिऱ्हाईक गालातल्या गालात हसायचं, मग काकाही हसायचे. बायको गेल्यापासून त्या दुकानात हसायला तेवढंच एक निमित्त उरलं होतं.

जुन्या कॅमेऱ्यात रोल छत्तीस फोटोंचा. त्यामुळे एका माणसाचे फोटो दोन, अगदी डोळे मिटणारा असला तर तीन. आता ती मोजदाद संपली. काढा हवे तेवढे, मागच्या काचेवर बघा, नको ते पुसा. मध्यंतरी गणिताचे निवृत्त मास्तर पासपोर्टचा फोटो काढायला आले. पहिला फोटो बघून म्हणाले, "हा कोण म्हातारा?"

"तुम्हीच की, मास्तर."

"छे! दुसरा काढा."

असे अकरा काढले. अकराव्यानंतर मास्तर उठले, कोट झटकला आणि म्हणाले, "पूर्वी बरं होतं हो. फोटो चार दिवसांनी मिळायचा. तोवर माणसाला आशा तरी असायची."

काकांचं दुकान म्हणजे पुढे काउंटर, मागे फोटो काढायची खोली, आणि त्या खोलीच्या कोपऱ्यात काळा रंग दिलेलं एक दार. दारावर लाल दिवा. ती डार्करूम, फिल्म धुवायची अंधारी खोली. तिथे आता कुणी जात नव्हतं. दिव्याचा बल्बसुद्धा काकांनी काढून ठेवला होता. दाराच्या बरोबर समोर, जिथे पूर्वी बायकोचं निगेटिव्ह तपासायचं टेबल होतं, तिथे मुलीने कॉम्प्युटर बसवून दिला होता.

रोज सकाळी साडेनऊला दुकान उघडायचं, झाडू मारायचा, कॉम्प्युटर चालू करायचा, आणि कामाला हात लावायच्या आधी एक फोटो बघायचा. नव्या कॅमेऱ्यातला पहिला फोटो, नंबर एक. त्यात माणूस नव्हताच. नुसतं डार्करूमचं बंद दार आणि वर पेटलेला लाल दिवा. आता तुम्ही म्हणाल, दाराचा फोटो कसला बघायचा रोज? तर तो फोटो काढला तेव्हा बायको त्या दाराच्या आत होती. फोटोवाल्याच्या बायकोचे फोटो नसतात, कुणालाही विचारा. एकतीस वर्षं ती आत अंधारात होती, आणि हे बाहेर उजेडात लोकांच्या बायकांना "हनुवटी जरा वर" सांगत होते. तिचा म्हणावा असा शेवटचा फोटो तोच.

२

त्या नवराबायकोचा एक नियम होता. डार्करूमच्या दाराला आतून कडी नव्हती, कधी बसवलीच नाही. लाल दिवा लागलेला असला की दार वाजवायचं. आतून "या" आलं तर जायचं, "थांबा" आलं तर थांबायचं. आत रोल उघडा असताना दार नुसतं किलकिलं झालं तरी सगळ्या फोटोंची माती. लग्नाच्या पहिल्याच वर्षी काका एकदा घाईत आत शिरले होते आणि एका बाळाच्या वाढदिवसाचे अख्खे छत्तीस फोटो गेले होते. बाळाच्या आजोबांनी भर रस्त्यात काकांची बिनपाण्याने केली. त्यानंतर तीस वर्षांत त्या दाराला न विचारता हात लागला नाही. "दुकानाला आग लागली तरी हे आधी दार वाजवतील," असं बायको लोकांना हसून सांगायची.

त्या सकाळी कॅमेऱ्याच्या दुकानातला विक्रेता नवा कॅमेरा दाखवायला आला होता. त्यावरून घरात पंधरा दिवस धुसफूस चालली होती. "तुम्हाला खेळणं मिळेल हो," बायको म्हणाली होती, "पण मी काय करू? आत दिवा लावून बसू?" काकांनी विषय बदलला होता. विक्रेता येण्याआधी एक फोन करायला बाहेर आली तेवढीच, नाहीतर बायको सकाळपासून आत होती. शाळेच्या चौदा वर्गांचे फोटो होते, मुलांना सुट्टी लागून गेलेली, ते काही पुन्हा काढता येणार नव्हते.

विक्रेत्याने कॅमेरा हातात दिला तेव्हा काकांना राहवेना. ते दाराशी गेले, दोनदा वाजवलं. "अगं, बाहेर ये, बघ तरी काय चीज आहे!"

आतून आलं, "थांबा."

"आमच्या सरकारचा हुकूम," काका विक्रेत्याला म्हणाले, आणि मस्करीत कॅमेरा त्या बंद दारावर धरून बटण दाबलं. विक्रेत्याने मागच्या काचेवर फोटो दाखवला. "बघा, तारीख, वेळ, सगळं आपोआप लिहिलं जातं. अकरा बेचाळीस. माझ्या घड्याळाप्रमाणे लावलंय."

मग चहा झाला. आत नळ वाहत होता. नळ चालू म्हणजे धुण्याचं काम चालू, हा काकांचा हिशेब. जरा रागही होता मनात, रुसून बसायचं तर बस म्हणावं. बारा पाचला विक्रेता उठला, तेव्हा काकांनी पुन्हा दार वाजवलं. आतून काहीच आलं नाही. आणखी एकदा वाजवलं. मग दार ढकललं, तर ते ढकललं जाईना. ती दाराशीच पडली होती.

"एका क्षणात गेल्या," डॉक्टर म्हणाले. "बाहेर यायला निघाल्या असतील आणि दाराशी कोसळल्या. त्यांना कळलंसुद्धा नसेल." सगळ्यांनी तेच धरून ठेवलं. काकांनीही धरलं. पण आपण दार वाजवलं होतं आणि तेवीस मिनिटं बाहेर थांबलो होतो, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. पोटच्या मुलीलाही नाही.

विक्रेता आठ दिवसांनी कॅमेरा परत न्यायला आला, तर काकांनी तो ठेवूनच घेतला. फिल्म धुणारं माणूसच उरलं नव्हतं.

३

एका मंगळवारी सकाळी काकांनी नेहमीसारखा फोटो उघडला, आणि त्यांना वाटलं, पडद्यावर केस चिकटलाय.

दाराची डावी कड आणि चौकट यांच्यामध्ये, वरपासून खालपर्यंत, एक बारीक काळी रेघ. त्यांनी रुमालाने काच पुसली. रेघ तिथेच. चष्मा काढला, पुसला, लावला. तिथेच. एकतीस वर्षं माणसांच्या चेहऱ्यावरचे तीळ आणि निगेटिव्हवरचे ओरखडे वेगळे ओळखण्यात गेलेला माणूस, तो काय केसाला फसतोय? ही रेघ फोटोतलीच होती. दार चौकटीला नीट लागलेलं नव्हतं.

तेव्हा नव्हतंच का लागलेलं? असेल. दोन महिन्यांत आपल्या लक्षात आलं नसेल. रोज बघतो ती गोष्ट माणूस बघतच नाही, हे फोटोवाल्याला कुणी सांगायला नको. काका हे स्वतःला समजावत होते तेवढ्यात त्यांची नजर खाली गेली. फोटोखाली तारीख आणि वेळ असते. तारीख तीच होती. वेळ होती अकरा त्रेचाळीस.

"बेचाळीस होती," काका मोठ्याने म्हणाले. दुकानात कुणी नव्हतं.

त्या दिवशी त्यांनी शेजारच्या शिंप्याच्या नातवाचे फोटो काढले आणि सगळे हललेले निघाले. शिंपी म्हणाला, "काका, मशीन नवीन असलं तरी हात जुनाच हो!" काका म्हणाले, "हात नाही, आज डोकं ठिकाणावर नाही." शिंप्याने मग पुढे काही विचारलं नाही. बायको गेलेल्या माणसाला लोक तेवढी सूट देतात.

४

संध्याकाळी मुलगी कचेरीतून परस्पर दुकानात आली. तिला घरी, दारी, आता तिशीतसुद्धा सगळे चिंगीच म्हणत. कॉम्प्युटर तिनेच शिकवला होता, त्यामुळे त्या बाबतीत ती आई आणि काका लेकरू.

"चिंगे, फोटोखालची वेळ आपोआप बदलते का गं?"

"कशाला बदलेल? तुम्ही काहीतरी दाबलं असेल. बघू." तिने फोटो उघडला. "अकरा चव्वेचाळीस. बरोबर आहे की."

काकांनी पडद्यावर बोट ठेवलं. "आणि ही रेघ?"

चिंगी पुढे झुकली. "सावली आहे, बाबा. दार जुनं आहे आपलं, वाकलंय." मग तिने त्यांच्याकडे निरखून बघितलं. "तुम्ही रोज हाच फोटो बघता ना? नका बघू. फोटो पुसून टाकू का मी?"

"हात लावू नकोस!" काका असे ओरडले की ती दचकून मागे झाली. ते तिच्याशी कधी चढ्या आवाजात बोललेले नव्हते. दोघंही मग ओशाळले, आणि तिने चहाचं भांडं विसळायला घेतलं.

ती गेल्यावर काकांनी काउंटरच्या मागे टांगलेली फोटोची चौकट काढून आणली. प्रिंटर घेतला त्या दिवशी चिंगीने चाचणी म्हणून हाच फोटो छापून तीत लावला होता. कागदावरचं दार बंद होतं. गच्च. चौकट आणि दार यांच्यात नखही शिरलं नसतं. काकांनी कागद पडद्याशेजारी धरला आणि फोटो पुन्हा उघडला. पडद्यावरच्या फटीत आता बोट गेलं असतं. अकरा पंचेचाळीस.

त्यांनी फोटो बंद केला. पाच मिनिटं हातावर हात ठेवून बसले. मग घड्याळ बघून उघडला. अकरा शेहेचाळीस, आणि फट अंगठ्याएवढी. म्हणजे वेळ आपली आपण चालत नव्हती. आज सकाळपासून, फोटो उघडला की एक मिनिट पुढे सरकत होती. कॅमेऱ्यातल्या कार्डावरची मूळ प्रत उघडून बघायचं त्यांच्या मनात आलं, पण तेही बघणंच झालं असतं, आणि त्याचं एक मिनिट कुठून जाईल ते सांगता येत नव्हतं.

दुखणं वेगळंच होतं. रोलवर वेळ लिहिलेली नसते. जुना कॅमेरा असता तर फोटो कधी काढला, तिने "थांबा" कधी म्हटलं, म्हटलं तरी का, की तीस वर्षं ऐकलेला शब्द कानाने आपणच पुरवला, यातलं काहीच नक्की ठरलं नसतं. डॉक्टरांच्या एका क्षणावर आयुष्य काढता आलं असतं. आता अकरा बेचाळीसला फोटो काढला हे पक्कं होतं, आणि अकरा बेचाळीसला आत काय होतं, ते दार हळूहळू दाखवायला निघालं होतं. ज्या दाराला काकांनी हात लावला नव्हता, ते आपणहून उघडत होतं.

५

दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता काकांनी शटर अर्धं ओढलं. एक ते चार दुकान बंद असायचं. डबा उघडला नाही. खुर्ची ओढून बसले आणि फोटो उघडला.

अकरा सत्तेचाळीस. दार आतल्या बाजूला वीतभर उघडलेलं. आत, डार्करूमच्या दारामागे असतो तो जाड काळा पडदा. बायकोनेच शिवलेला, खाली लोळणारा, उजेडाचा थेंब आत जाऊ नये म्हणून. पडदा काळा, मागचा अंधार काळा, दोन्हींतला फरक फक्त तिच्या किंवा काकांच्या डोळ्याला कळावा असा. काकांची नजर पडद्यावरून खाली खाली आली.

पडद्याच्या काठाखालून चार बोटं बाहेर आली होती.

जमिनीवर, पालथी. नखं तपकिरी, एकतीस वर्षं औषधाच्या पाण्यात बुडून झालेली. करंगळी जराशी वाकडी. ती लहानपणी कुठल्याशा दारात सापडली होती, हे काकांशिवाय आता जगात चिंगीलाच माहीत होतं.

काकांनी फोटो बंद केला. बाथरूममध्ये गेले, तोंडावर पाणी मारलं, आरशात बघितलं नाही. दाराशी कोसळली, तर हात असा पडेलच. पडलेल्या माणसाचा हात कुठेतरी पडणारच. यातून काही सिद्ध होत नाही. काका हे तीनदा बोलले, तिसऱ्यांदा अगदी शहाण्या माणसाच्या आवाजात. मग परत येऊन बसले, कारण त्यांना दुसरं काही करता येईना.

अकरा अठ्ठेचाळीस. बोटं पुढे आली होती. आता मनगट दिसत होतं, आणि बोटांनी पडद्याचा काठ मुठीत धरला होता.

पडलेला हात काही धरत नाही. काकांच्या घशातून एक आवाज आला, तो त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही. ती जिवंत होती. बाहेर यायला निघून एका क्षणात गेली नव्हती. आतून, जमिनीवरून, ती दारापर्यंत सरपटत आली होती. दाराला कडी नव्हती, आणि बाहेर चार पावलांवर नवरा चहात साखर ढवळत होता.

६

चार दिवस काकांनी कॉम्प्युटर चालू केला नाही. "बिघडलाय," असं गिऱ्हाइकांना सांगितलं.

पहिले दोन दिवस त्यांना एक वेडं समाधान होतं. बघितलं नाही तर वेळ पुढे जात नाही. वेळ पुढे गेली नाही तर अकरा अठ्ठेचाळीस कायमचे अकरा अठ्ठेचाळीस. तिथे ती होती. हात हलत होता. साऱ्या जगात तिच्या जिवंत असण्याची तेवढी एकच जागा उरली होती, आणि ती राखायची तर काकांना काहीच करायचं नव्हतं, फक्त बघायचं नव्हतं. ते घरी गेले, जेवले, झोपलेसुद्धा. चिंगीला फोनवर म्हणाले, "आज बरं वाटतंय गं."

तिसऱ्या दिवशी सकाळी एका मुलीचा फोटो काढताना ती म्हणाली, "काका, तुमचा नळ चालू राहिलाय का?"

काकांच्या हातातला कॅमेरा खाली आला. त्यांना तो आवाज सकाळपासून येत होता. कानात भरलाय, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती. डार्करूमच्या दारामागून, बारीक धार धातूच्या भांड्यात पडावी तसा. त्यांनी मुलीला उद्या यायला सांगितलं आणि ती गेल्यावर दोन महिन्यांत पहिल्यांदा त्या दाराशी गेले. हात आपोआप वर गेला आणि त्यांनी दार वाजवलं. मग स्वतःच्या हाताकडे बघून त्यांना रडू कोसळलं. एवढं होऊनही हात आधी वाजवतोच!

दार ढकललं. आत पडदा, पडद्यामागे कोरडी मोरी, गंजत चाललेला नळ. भांड्यात धूळ. नळ फिरवून बघितला तर पाणीही आलं नाही, वरच्या टाकीची तोटी त्यांनीच बंद केली होती. दार ओढून घेतलं आणि आवाज पुन्हा सुरू झाला.

रात्रभर त्यांनी विचार केला, आणि जे कळायचं ते चौथ्या दिवशी पहाटे, दात घासताना कळलं. तिला अकरा अठ्ठेचाळीसला ठेवायची, म्हणजे कशात ठेवायची? गार फरशीवर. श्वास अडकलेला. नळ वाहता, पडदा मुठीत, दार समोर. ती अजून तिथेच होती आणि अजून वाट बघत होती. आणि हे काय करत होते? हे बाहेर थांबले होते. पुन्हा.

"अगं, चुकलो," काका बेसिनवर वाकून म्हणाले. "चुकलो गं."

७

दुपारी एकला त्यांनी शटर अर्धं ओढलं, खुर्ची कॉम्प्युटरच्या अगदी जवळ घेतली आणि फोटो उघडला.

अकरा एकोणपन्नास. पडदा बाजूला ओढला गेला होता. त्याच्या घडीत, जमिनीपासून वीतभर उंचीवर, काहीतरी ओलं चमकत होतं. काकांनी आयुष्यभर लोकांच्या डोळ्यांत ती चमक आणायला दिवे लावले होते, त्यामुळे ते काय आहे हे त्यांना शोधावं लागलं नाही. बाकी चेहरा अंधारात होता. डोळा मात्र थेट कॅमेऱ्याकडे बघत होता, कॅमेरा धरून मस्करी करणाऱ्या माणसाकडे.

काकांना पळून जावंसं वाटलं, अगदी लहान मुलाला वाटतं तसं. ते पळाले नाहीत.

"आहे मी," ते म्हणाले. "इथेच आहे. बंद करतो, परत उघडतो, तेवढंच. जात नाही कुठे."

अकरा पन्नास. मूठ सैल झालेली. अकरा एक्कावन्न. बोटं चौकटीवर. काका बोलत राहिले. कॅमेऱ्याचं काही खरं नाही म्हणाले, अंगठा अजून पट्टी शोधतो म्हणाले. मास्तरांचे अकरा फोटो सांगितले. शाळेचे चौदाही वर्ग नीट आले, एकही रोल फुकट गेला नाही, शेवटच्या वर्गातल्या मागच्या रांगेतला तो पोरगा तोंड वेडावून उभा आहे, तेही सांगितलं. हे तिला कुणीच सांगितलेलं नव्हतं. अकरा बावन्न. अकरा त्रेपन्न. "तुझी खोली काढून घेतली मी," काका म्हणाले, "आणि तुला विचारलंसुद्धा नाही. तू विचारलंस, मी काय करू, तर मी विषय बदलला." नळाचा आवाज दारामागून येत होता. अकरा चोपन्न. हात उताणा झाला होता, तळवा वर, बोटं किंचित मिटलेली, कुणीतरी आपला हात त्यात द्यावा अशी. डोळ्यातली चमक होती. काकांनी कॉम्प्युटरच्या काचेवर त्या जागी आपली बोटं टेकवली. काच कोमट होती.

अकरा पंचावन्न. हात तसाच. अकरा छप्पन्न. तसाच. घडीतल्या त्या जागी आता नुसता काळोख होता. काकांनी अकरा सत्तावन्न बघितलं आणि अठ्ठावन्नही बघितलं, आणि तिन्ही फोटोंत एका केसाचाही फरक नव्हता. दारामागचा नळ केव्हा बंद झाला ते त्यांच्या लक्षात आलं नाही.

बारा मिनिटं. फोटो काढल्यापासून बारा मिनिटं ती होती. काकांनी पुढे बघितलं नाही. बारा पाचला त्या दाराशी कोण आलं असतं ते त्यांना ठाऊक होतं, आणि त्या माणसाचं तोंड बघायची त्यांची इच्छा नव्हती.

शटर खडखडलं. चिंगी वाकून आत आली. अर्धी रजा टाकून आली होती, तोंड उतरलेलं.

"बाबा, फोन का उचलत नाही तुम्ही?" मग तिची नजर कॉम्प्युटरकडे गेली. "हा कधी काढलात? दार उघडं ठेवून?"

काका उठून कॉम्प्युटरसमोर आडवे उभे राहिले. "आत्ताच," ते म्हणाले. "हवा खेळायला उघडलं होतं."

चिंगी स्टुलावर बसली. पर्स मांडीवर घट्ट धरली होती. "मला एक सांगायचंय तुम्हाला. दोन महिने सांगीन सांगीन म्हणतेय." तिचा आवाज फुटला. "त्या दिवशी आईचा फोन आला होता मला. साडेअकराला. मी कामात होते. म्हटलं, नंतर करते गं, आणि ठेवून दिला. तिला तेव्हाच बरं वाटत नसेल, बाबा. म्हणून केला असेल तिने. मी दोन मिनिटं बोलले असते तर मला कळलं असतं. तर..."

काका तिच्यासमोर खाली बसले, गुडघे दुखत होते तरी. एवढ्याशा पोरीला समजवायला बसावं तसे.

"वेडी आहेस का? ठणठणीत होती ती. मी दार वाजवलं ना तिचं, त्यानंतर. कुणाला बोललो नाही मी. आतून 'थांबा' म्हणाली, नेहमीसारखी, जरा चिडलेलीच होती माझ्यावर. आणि मग गेली. एक क्षण. दुखलं नाही, खुपलं नाही, घाबरली नाही. वाटसुद्धा बघावी लागली नाही तिला कुणाची."

"खरं सांगताय?" चिंगीने ओठ चावला. "तुम्हाला कसं माहीत?"

"मी होतो ना गं तिच्याजवळ," काका म्हणाले.